पात्यावरील मुद्रा

रानांत मुक्काम करणारे, डोंगर चढणारे, नदीकांठीं गळ टाकून बसणारे किंवा शिकारीस जाणारे जे युरोप-अमेरिकेंतील हौशी लोक असतात, त्यांच्या बोलण्यांत एक गोष्ट हटकून आढळते. त्यांच्या खिशांतला किंवा कमरेच्या म्यानांतला चाकू हा नुसता चाकू नसतो; तो अमुक एका कारखान्याचा चाकू असतो. स्वीडनमधील मनुष्य मोराचें नांव घेईल, सॅव्हॉयमधील शेतकरी ओपिनेलचें, स्विस माणूस व्हिक्टोरिनॉक्सचें आणि अमेरिकेंतील शिकारी बकचें. आणि हें नांव घेतांना त्याच्या स्वरांत जो जिव्हाळा येतो, तो आपल्याकडे लोक आपल्या गांवासाठीं किंवा फार तर एखाद्या गायकीच्या घराण्यासाठीं राखून ठेवतात. तिऱ्हाईताला याचें हंसूं येतें. चार बोटें लांबीचें पोलादी पातें, त्याला लांकडाची मूठ, आणि कापणें हा एकच धर्म! असल्या वस्तूवर प्रेम करणें एक वेळ समजूं शकतें. पण तिच्या कर्त्याच्या शिक्क्यावर निष्ठा ठेवावी, त्याच्यासाठीं वाद घालावा, आणि दुसऱ्याचा चाकू हातांत घेतांना किंचित् अपराध्यासारखें वाटावें, हें काय गौडबंगाल आहे? मला हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाहीं. निष्ठा हा शब्द आपण मोठा मानतों. तो इतक्या लहान वस्तूला लागूं पडतो कीं नाहीं हें पाहिल्यावांचून तो खरोखर केवढा आहे हें कळावयाचें नाहीं.

सर्वांत सोपें उत्तर असें कीं, ज्याचा माल चांगला त्याला गिऱ्हाईक धरून राहतें. हें उत्तर खोटें नाहीं, पण अपुरें आहे. चांगलें पोलाद आज एका कारखान्याची मिरास राहिलेली नाहीं. कांहीं एका पायरीच्या वर गेल्यावर दोन चाकूंतील अंतर प्रयोगशाळेला दिसेल, दोरी कापणाऱ्या हाताला क्वचितच कळेल. शिवाय ही निष्ठा किंमतीच्या मागें जात नाहीं. मोराचा साधा चाकू स्वीडनमधील मजुराला एका दिवसाच्या मजुरीहून पुष्कळच कमी किंमतींत मिळतो. तरी त्याचे भक्त महागड्या चाकूंच्या भक्तांहून तसूभरही कमी कडवे नाहींत. उलट आपण साध्या वस्तूशीं एकनिष्ठ आहों याचा त्यांना थोडा अधिकच अभिमान असतो!

मानसशास्त्रज्ञांचें उत्तर याहून खोल जातें. 1956 सालीं जॅक ब्रेम यानें असें दाखविलें कीं, दोन सारख्याच आवडत्या वस्तूंतून एक निवडावयास लावली म्हणजे निवड झाल्यावर माणसाला निवडलेली वस्तु पूर्वींपेक्षां अधिक चांगली वाटूं लागते आणि टाकलेली अधिक वाईट. पुढच्याच वर्षीं लिऑन फेस्टिंगर यानें असल्या प्रकारांची उपपत्ति मोठ्या ग्रंथांत मांडली: मनांतील विसंगति माणसाला सोसत नाहीं, म्हणून तें आपल्या कृतीला शोभेल असें मत बनवितें. 1990 सालीं काह्नेमन, नेट्श आणि थेलर यांनीं साधे पेले वांटून प्रयोग केला, तेव्हां ज्यांच्या हातीं पेला आला त्यांनीं तो विकण्यासाठीं मागितलेली किंमत, ज्यांच्याजवळ तो नव्हता ते द्यावयास तयार असलेल्या किंमतीच्या जवळजवळ दुप्पट होती. म्हणजे “माझें” म्हटल्याबरोबर वस्तु वजनदार होते. हें सर्व मान्य करूनही मला वाटतें कीं, या विद्वानांनीं एका वेगळ्याच प्रश्नाचें उत्तर दिलें आहे. माझा चाकू मला कां आवडतो हें त्यांनीं सांगितलें. त्या चाकूच्या कर्त्याशीं मी कां बांधला जातों, हें त्यांतून निघत नाहीं. माझ्या आईनें शिवलेल्या गोधडीवर माझें प्रेम असतें, पण तेवढ्यावरून मी कापडाच्या गिरणीचा भक्त होत नाहीं.

मग दुवा कोठें आहे? तो हातांत आहे, असें मला वाटतें. चाकू ही घड्याळासारखी तयार मिळणारी वस्तु नव्हे; ती धार लावतां लावतां आपली होते. मोराच्या पात्याचा उतार रुंद आणि सपाट असतो. तो दगडावर सरळ टेकतो आणि कोन आपोआप साधतो, म्हणून नवशिक्याही त्याला थोड्या दिवसांत धार लावूं शकतो. ओपिनेलचें पातें पातळ, हलकें, आणि बीच लांकडाच्या मुठींत घडी होणारें. पावसाळी हवेंत तें लांकूड फुगतें आणि पातें मुठींतून निघतां निघत नाहीं. अशा वेळीं सॅव्हॉयमधील माणूस मुठीचें टोंक टेबलावर किंवा दगडावर ठोकतो, कीं पात्याचें नाक बाहेर डोकावतें. या ठोक्याला “सॅव्हॉयवाल्याचा ठोका” असें नांवच आहे. दुसऱ्या कोणाला हा त्या चाकूचा दोष वाटेल. भक्ताला तो त्या चाकूचा स्वभाव वाटतो, आणि आपल्याला तो ठाऊक आहे याचें सुख वाटतें. साध्या पोलादाचें पातें सफरचंद किंवा कांदा कापला कीं काळवंडतें, आणि पुसून तेल न लावल्यास गंजतें. पांच वर्षांनीं त्या पात्यावर जे करडे-निळे डाग उमटलेले असतात, ते धन्याच्या जेवणांचा आणि मुक्कामांचा जणूं जमाखर्चच. दोषांसकट ओळख झाली म्हणजे मनुष्य त्या ओळखीला परिचय म्हणत नाहीं, नातें म्हणतो.

पण येथेंही गोष्ट “या” चाकूशींच थांबली असती, जर चाकू हरवत नसते. रानांतला चाकू हरवतोच. तो नदींत पडतो, बर्फांत राहतो, शेकोटीपाशीं विसरतो. आणि ज्या दिवशीं तो हरवतो त्याच दिवशीं, माझ्या मतें, छापावरील निष्ठेचा जन्म होतो. तोंवर धन्यानें शिक्क्याकडे फारसें पाहिलेलेंही नसतें. आतां त्याच्या हाताला जें ज्ञान झालें होतें—कोन, वजन, मुठीचा फुगवटा, पातें किती वांकूं देईल याचा अंदाज—तें सर्व निराधार होतें. दुसऱ्या घडणीचा चाकू घेतला तर हाताला पुन्हां धुळाक्षरें गिरवावीं लागतील. त्याच शिक्क्याचा घेतला तर तें ज्ञान परत जागेवर येतें. कारखान्याचा शिक्का म्हणजे गेलेल्या सोबत्याची परत भेट होऊं शकते असें आश्वासन. ज्याला हें आश्वासन एकदां खरें ठरलेलें अनुभवास आलें, तो त्या नांवाकडे कृतज्ञतेनें पाहूं लागला तर त्यांत वेडगळपणा कोठें आहे?

आपल्याकडे ही निष्ठा या रूपानें वाढली नाहीं, आणि त्याचें कारण पाहण्यासारखें आहे. आपला शेतकरी विळा, कोयता, कुऱ्हाड यांची खंडेनवमीला पूजा करी, अजूनही करतो. पण त्या पूजेंत कर्त्याच्या शिक्क्याला स्थान नाहीं, कारण शिक्काच नव्हता. गांवचा लोहार बलुतेदार होता. त्याचें घर ठाऊक, त्याचा बाप ठाऊक, विळ्याची धार बसली कीं त्याच्याच भात्यापुढें जाऊन उभें राहावयाचें, आणि सुगीला त्याचें बलुतें घालावयाचें. जेथें कर्ता समोर उभा आहे तेथें त्याची सही कशाला? अर्थात् हें नातें कितीही जुनें असलें तरी त्याला निष्ठा म्हणावयास मी कचरतों. गांवकऱ्याला दुसरा लोहार निवडण्याची मोकळीक नव्हती, आणि लोहाराला तर दुसरा धंदा निवडण्याचीही नव्हती. जेथून निघून जातां येत नाहीं तेथें टिकून राहणें हा सद्गुण कीं व्यवस्था, हा प्रश्न उरतोच. परंतु एवढें खरें कीं, शिक्का हा अनोळखी माणसांच्या जगांतला लोहार आहे.

या शिक्क्याचा इतिहासही मोठा बोलका आहे. आपण त्याला आज जाहिरातीचें साधन समजतों. मुळांत तो जबाबदारीचा खुंटा होता. फ्रान्सचा राजा नववा चार्ल्स यानें 1565 सालीं आज्ञा केली कीं, प्रत्येक उस्ताद चाकूकारानें आपल्या मालावर आपली खूण उमटवावी. इंग्लंडांत शेफील्डच्या परिसरांतील कारागिरांचा हॅलमशायरचा चाकूकार-संघ 1624 सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें स्थापन झाला, आणि सदस्यांना खुणा नेमून देणें व त्यांचें रक्षण करणें हें त्याचें एक मुख्य काम होतें. पातें निकृष्ट निघालें तर दोष कोणाच्या दारीं न्यावयाचा हें त्या खुणेवरून ठरे. म्हणजे खूण ही प्रथम आरोपासाठीं होती, स्तुतीसाठीं नव्हे! पुढें खुणेला मोल आलें आणि तिची चोरी होऊं लागली. जर्मनींतील सोलिंगेनचा माल शेफील्डचें नांव घालून विकला जातो, अशी ओरड इंग्लंडांत झाली. 1887 च्या कायद्यानें परदेशी मालावर उगमाचा देश लिहिणें भाग पाडलें, आणि “जर्मनींत बनविलेला” हे शब्द, जे लाजविण्यासाठीं लादले होते, तेच कांहीं वर्षांत प्रतिष्ठेचे झाले. 1938 सालीं तर खुद्द सोलिंगेनच्याच नांवाला कायद्याचें संरक्षण द्यावें लागलें. ओपिनेलच्या पात्यावर 1909 पासून जो मुकुट घातलेला हात आहे, तोही याच परंपरेंतला: आशीर्वादाचा हात सेंट-जाँ-द-मोरिएन गांवच्या चिन्हांतला, आणि मुकुट सॅव्हॉयच्या जुन्या राजघराण्याची आठवण. भक्त त्या हाताकडे पाहतो तेव्हां त्याला आपला डोंगर दिसतो; पण त्या खुणेचा मूळ अर्थ “कांहीं बिघडल्यास माझ्याकडे या” एवढाच आहे.

या मूळ अर्थावरून निष्ठेची एक कसोटी मिळते. फ्रेंच भाषेंत “जानोचा चाकू” असा एक वाक्प्रचार आहे. जानोच्या चाकूचें पातें बदललें, मग मूठ बदलली, मग पुन्हां पातें बदललें, आणि तरीही तो तोच चाकू म्हणून जानो मिरवीत असे. नागसेन भिक्षूनें मिलिंद राजाला रथाविषयीं जो प्रश्न टाकला, कीं चाक म्हणजे रथ काय, आंस म्हणजे रथ काय, तोच हा प्रश्न खेड्यांतल्या विनोदाच्या वेषांत आलेला आहे. चाकूच्या बाबतींत आपण हंसून सोडून देतों; पण कारखान्याच्या बाबतींत तो हंसण्याचा राहत नाहीं. बकच्या कारखान्यानें 1964 च्या सुमारास जो घडीचा शिकारी चाकू काढला, त्याचें पोलाद पुढें एकाहून अधिक वेळां बदललें, आणि 2005 सालीं सबंध कारखाना कॅलिफोर्निया सोडून आयडाहो संस्थानांत गेला. तरी घराणें तेंच राहिलें, आणि चाकू मोडल्यास दुरुस्त किंवा बदलून देण्याची हमी तीच राहिली. उलट न्यूयॉर्क संस्थानांतील श्रेड नांवाचा जुना कारखाना 2004 सालीं बंद पडला, कारागीर घरीं गेले, नांव विकलें गेलें, आणि तेंच नांव चीनमध्यें बनलेल्या चाकूंवर येऊं लागलें. चीनमध्यें चांगले चाकू होत नाहींत असें मला मुळींच म्हणावयाचें नाहीं. तसें म्हणणें खोटें होईल. मुद्दा इतकाच कीं, ज्यानें जुन्या चाकूबद्दल शब्द दिला होता तो आतां त्या नांवामागें उभा नाहीं. लाग्योलची कथा याहूनही विचित्र. लाग्योल हें फ्रान्सच्या आव्हेरों भागांतील एक गांव. त्या गांवच्या चाकूची घडण प्रसिद्ध. पण तें नांव एका कोणाच्या मालकीचें नसल्यामुळें त्या नांवाचे असंख्य चाकू गांवाबाहेर, देशाबाहेर बनतात. लाग्योलवर निष्ठा आहे असें म्हणणाऱ्यानें आधीं ती कोणावर आहे हें सांगावें.

याच्याबरोबर स्वित्झर्लंडची गोष्ट ठेवून पाहावी. कार्ल एल्सेनर यानें 1884 सालीं इबाख येथें दुकान थाटलें, आणि 1891 सालीं आपल्या सैन्याला चाकू पुरविण्यास सुरुवात केली. त्यापूर्वीं स्विस शिपायाचे चाकू सोलिंगेनहून येत. सोलिंगेनच्या स्वस्ताईपुढें त्याचा धंदा जवळजवळ बुडाला, पण 1897 सालच्या नव्या घडणीनें तो वर आला. पुढें फ्रेंचभाषी भागांतील वेंगर हा कारखानाही सैन्याला माल देऊं लागला, आणि 1908 सालीं सरकारनें दोघांचा दावा मिटविण्यासाठीं खरेदी निम्मी निम्मी वांटली. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षें एक आपल्या चाकूला “मूळचा” म्हणे, दुसरा “अस्सल” म्हणे, आणि दोघांचेही भक्त या दोन विशेषणांवरून भांडत! 2005 सालीं व्हिक्टोरिनॉक्सनें वेंगर विकत घेतला. कांहीं वर्षें दोन्ही नांवें चालविलीं, आणि मग वेंगरच्या नांवाचे चाकू थांबले. हें सर्व धंद्याचें राजकारण झालें. पण 2001 च्या सप्टेंबरांत न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन येथें हल्ले झाल्यावर विमानांत चाकू नेण्यास बंदी आली आणि विमानतळांवरील विक्रीवर भिस्त असलेल्या व्हिक्टोरिनॉक्सचा खप एकदम घसरला. त्या वेळीं या कारखान्यानें कामगार काढून टाकले नाहींत. कामाचे तास कमी केले, आणि कांहीं माणसें तात्पुरतीं आसपासच्या धंद्यांना उसनीं दिलीं. ही हकीकत मला पोलादाच्या सर्व वर्णनांहून महत्त्वाची वाटते. निष्ठा ठेवावी असें कांहीं कारखान्यांत असेल तर तें हें. स्वतः निष्ठेनें वागणाऱ्यावर निष्ठा ठेवली तर तिला निदान कांहीं आधार राहतो.

आतां दुसरी बाजू. जोसाया रॉइस या अमेरिकन तत्त्वज्ञानें 1908 सालीं निष्ठेवर सबंध ग्रंथ लिहिला, आणि ज्या ध्येयामुळें इतरांची निष्ठा पोसली जाते तें चांगलें, ज्यामुळें ती नष्ट होते तें वाईट, असा निर्णय केला. हा निर्णय उदार आहे. मोराच्या भक्तानें ओपिनेलच्या भक्ताकडे पाहून मान डोलवावी, इतकें सौजन्य त्यांतून सहज निघतें. पण तेवढ्यानें माझें समाधान होत नाहीं, कारण खरी अडचण दोन भक्तांमध्यें नसते. ती भक्त आणि नवखा यांच्यामध्यें असते. समजा, एक तरुण समुद्रकांठच्या दमट, खाऱ्या हवेंत पंधरा दिवस एकट्यानें हिंडावयास निघाला आहे, आणि तो एखाद्या जाणत्याला विचारतो, “काका, मीं कोणता चाकू न्यावा?” जाणत्याचा लाडका कारखाना साध्या, गंजणाऱ्या पोलादासाठीं नांवाजलेला आहे. तो स्वतः रोज रात्रीं पातें पुसून तेल लावतो. तें करण्यांतच त्याचा आनंद आहे. पण हा मुलगा तें करणार नाहीं, हेंही त्याला दिसत आहे. अशा वेळीं तो जर आपल्याच छापाचें नांव सांगेल, आणि न गंजणाऱ्या पात्याची गोष्ट ओठांवर आली असतांही गिळून टाकील, तर त्यानें निष्ठेसाठीं कोणती किंमत दिली? त्यानें स्वतःचें कांहीं दिलें नाहीं. त्या मुलाचा विश्वास दिला. आणि घडीच्या चाकूची खीळ सैल पडते, पातें बोटांवर मिटतें, हें ठाऊक असून जो गप्प राहतो त्याची गोष्ट तर याहून गंभीर. ज्या खुणेचा जन्म दोष दारीं नेण्यासाठीं झाला, तिच्यासाठीं दोष लपविणें म्हणजे त्या खुणेशींच बेइमानी होय. कर्त्याला त्याचें वैगुण्य तोंडावर सांगण्याचा अधिकार जुन्या गिऱ्हाइकाला असतो. नव्याला तो नसतो. जो हा अधिकार वापरीत नाहीं त्याला मी निष्ठावंत न म्हणतां भाट म्हणेन.

तथापि या निष्ठेंत एक शहाणपण आहे, आणि टीकाकारांना तें सहसा दिसत नाहीं. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञानें 1956 सालीं असा विचार मांडला कीं, माणूस सर्वोत्तमाचा शोध घेत नाहीं, घेऊंही शकत नाहीं. पुरेसें चांगलें मिळालें कीं थांबतो. बाजारांत दर वर्षीं नवें पोलाद, नवी घडण, नवी मूठ येते. तुलना करीत बसणाऱ्याचा शोध मरेपर्यंत संपावयाचा नाहीं. ज्यानें एक छाप धरला त्यानें तो प्रश्न मिटवून टाकला, आणि मोकळें झालेलें मन झाडाकडे, पायवाटेकडे, शेकोटीकडे लावलें. “वनविद्या” या विषयावर 1884 सालीं पुस्तक लिहिणारा जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स आणि 1906 सालीं लिहिणारा होरेस केफार्ट या दोघांनींही शिकारी लोकांच्या अवजड, भपकेबाज सुऱ्यांपेक्षां साधें, कामाचें पातें पसंत केलें. आज त्यांच्या नांवांनीं चाकूच्या दोन घडणी ओळखल्या जातात आणि कितीतरी कारखाने त्या बनवितात. त्या दोघांची निष्ठा कामाशीं होती. आकार त्यांतून निघाला, आणि छाप तर कोणाचाही चालला.

गंमत अशी कीं, आज जे स्वतःला सर्वांत निष्ठावंत म्हणवितात, त्यांच्या खणांत एकाच कारखान्याचे चाळीस चाकू सांपडतात, आणि चाळिसांपैकीं एकाचेंही पातें झिजलेलें नसतें. ज्या हाताच्या ओळखींतून ही निष्ठा जन्मली, तो हातच त्यांत उरलेला नाहीं. उरली आहे ती मुद्रा. मला संग्राहकांचा राग नाहीं, नाणीं जमविणाऱ्यासारखे तेही निरुपद्रवी आहेत. पण श्रेडचा कारखाना बंद पडल्यावर ज्या लोकांनीं त्याच नांवाचे नवे चाकू घेण्याचें नाकारलें, आणि आपले 2004 पूर्वींचे चाकू दगडावर घांसून घांसून बोटभर रुंदीचे अर्धें बोट होईपर्यंत वापरले, त्यांची गणना मी या चाळीस चाकूवाल्यांत करणार नाहीं. दुरुस्तीसाठीं तो चाकू पाठवावयाचा म्हटला तर पत्ता नाहीं, आणि हमी देणारा कोणी उरलेला नाहीं. तरी संध्याकाळीं पातें पुसून त्याला तेलाचें बोट लावण्याचें त्यांचें काम चालूंच आहे.